सहा पेन्सचे पुस्तक आणि आठ आण्यांचे पुस्तक
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनी विहाराचा इतिहास सांगायचा, देणगीदारांचे आभार मानायचे, असा रिवाज आहे. ते काम समितीने आपल्या अहवालात चोख केलेले आहे. आम्हाला विषय दिला गेला 'धम्म आणि वाचन'. विषय फार मोठा, म्हणून आम्ही तो लहान करून घेतला. आज आम्ही फक्त पुस्तकाच्या किमतीवर बोलणार आहोत. पुस्तक स्वस्त कसे होते, ते कोणी केले, आणि स्वस्त झाल्यावर त्याचे पुढे काय होते, एवढेच.

आता कोणी म्हणेल, विहारात हा बाजारभाव कशाला? तर त्याला आधार आहे. तारीख छापलेले जगातले सर्वांत जुने पुस्तक म्हणून जे ओळखले जाते, ते बौद्धांचे आहे. वज्रच्छेदिका सूत्राची ती चिनी प्रत इ. स. ८६८ मधली. लाकडी ठशांवरून छापलेली. आज ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्या शेवटी लिहून ठेवले आहे की वांग जिए नावाच्या माणसाने आपल्या आईवडिलांच्या पुण्यार्थ, सर्वांना फुकट वाटण्यासाठी ती करवून घेतली. म्हणजे बघा, पुस्तक लोकांच्या हाती कमी पैशात किंवा बिनपैशात पडावे, ही काळजी आपल्या परंपरेत साडेअकराशे वर्षांपूर्वीही होती.

पण आम्हाला सांगायची आहे ती गोष्ट १९३६ सालची. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने परमपूज्य बाबासाहेबांना आपल्या वार्षिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलावले. बाबासाहेबांनी भाषण लिहून काढले. ते लाहोरला छापले तर स्वस्त पडेल, असे मंडळाचे म्हणणे होते. बाबासाहेबांनी ते मानले नाही, मुंबईतच छापायचे ठरवले. पुढे मंडळाला भाषणातला मजकूर पचेना. अमुक गाळा, तमुक गाळा, असे सुरू झाले. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला आणि परिषद झालीच नाही. जे भाषण कधी दिलेच गेले नाही, ते बाबासाहेबांनी स्वतःच्या खर्चाने पुस्तकरूपाने काढले. तेच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट', आपण ज्याला 'जातिसंहार' किंवा 'जातिनिर्मूलन' म्हणतो. प्रती काढल्या दीड हजार. किंमत ठेवली आठ आणे.

गांधीजींनी 'हरिजन'मध्ये या पुस्तकावर लिहिले. मजकुराशी मतभेद होते ते होतेच, पण किमतीबद्दलही ते बोलले. आठ आणे जास्त होतात, दोन आणे करावी, निदान चार आणे तरी करावी, असे त्यांनी सुचवले. आमचे स्पष्ट मत असे की ही सूचना देणे सोपे होते. ज्यांच्यामागे वर्तमानपत्र, छापखाना आणि पैसेवाले अनुयायी होते, त्यांना दोन आण्याचे पुस्तक परवडत होते. इथे एक माणूस पदरचे पैसे घालत होता. तरीही त्या दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या, गुजराती आणि तमिळ भाषांतरे निघाली, आणि १९३७ मध्ये दुसरी आवृत्ती काढावी लागली. गांधीजींचे लेख आणि बाबासाहेबांनी त्यांना दिलेले उत्तर दुसऱ्या आवृत्तीत जोडले आहे.

तरी पण किमतीचा प्रश्न उरतोच. आठ आणे का? चार का नाही? याचे उत्तर शोधायला आपल्याला त्याच काळातल्या लंडनला जावे लागेल.

१९३५ सालच्या जुलै महिन्यात अ‍ॅलन लेन नावाच्या प्रकाशकाने 'पेंग्विन' मालेची पहिली दहा पुस्तके काढली. प्रत्येकी सहा पेन्स. तिथे त्या पैशात दहा सिगारेटींचे पाकीट येत असे. तेव्हा नव्या पुठ्ठा बांधणीच्या पुस्तकाला याच्या कितीतरी पट पैसे पडत. लेनसाहेब एका स्टेशनवर गाडीची वाट बघत होते, वाचायला काही बरे मिळेना, म्हणून त्यांना ही कल्पना सुचली असे सांगतात. पुस्तकविक्रेत्यांनी नाके मुरडली. वाचवले कोणी, तर वूलवर्थ या दुकानांच्या साखळीने. तिथे सुई-दोरा, कपबश्या, खेळणी असा माल सहा पेन्सच्या आत मिळे. त्यांनी साडेत्रेसष्ट हजार प्रतींची मागणी एकदम नोंदवली आणि धंदा उभा राहिला. जिथे कामगाराची बायको साबण घ्यायला जात होती, तिथे पुस्तक मिळू लागले. आम्हाला या सगळ्या हकिकतीत हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

पेंग्विनची ती पुस्तके बहुतेक कथा-कादंबऱ्यांची होती, आणि तीही आधी छापून झालेली. ज्ञानाची पुस्तके आली १९३७ मध्ये. त्या मालेचे नाव 'पेलिकन', रंग फिकट निळा, किंमत तीच सहा पेन्स. नावाचीही गंमत आहे. स्टेशनवरच्या पुस्तकाच्या गाळ्यावर एक बाई 'ते पेलिकनचं पुस्तक द्या' असे पेंग्विनच्या पुस्तकाला म्हणाली. लेनसाहेबांनी ते ऐकले आणि दुसऱ्या कोणी उचलायच्या आत ते नाव घेऊन टाकले.

या पेलिकनच्या सुरुवातीच्या संपादकांत एक आपल्या देशाचा माणूस होता. व्ही. के. कृष्ण मेनन. केरळात कालिकतला जन्मलेले, लंडनमध्ये सेंट पँक्रस भागाचे नगरसेवक झालेले. हेच पुढे देशाचे संरक्षणमंत्री झाले. आपल्या उत्तर मुंबईतून ते १९५७ आणि १९६२ ला लोकसभेवर निवडून गेले, हे इथल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. लेनसाहेबांशी त्यांचे फार काळ पटले नाही, पण पायाभरणीत त्यांचा हात होता.

पेलिकनचे पहिलेच पुस्तक बर्नार्ड शॉ यांचे, दोन भागांत. शॉ यांच्या मेहुणीने त्यांना विचारले होते की समाजवाद म्हणजे काय ते मला समजावून सांगा. त्या उत्तराचा ग्रंथ झाला आणि तो १९२८ मध्ये निघाला. पेलिकनसाठी शॉ यांनी त्यात नवीन प्रकरणे घातली. घरातल्या बाईने विचारलेल्या प्रश्नातून ग्रंथ होतो, हे आमच्या भगिनींनी लक्षात ठेवावे.

पुढची नावे सगळी सांगत बसत नाही. जे. बी. एस. हॉल्डेन हे शास्त्रज्ञ, जे १९५७ मध्ये भारतात आले आणि इथलेच नागरिक झाले, त्यांचे पुस्तक सुरुवातीच्या वर्षांतच आले. सुसान स्टेबिंग या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिका. त्यांनी १९३९ मध्ये खास या मालेसाठी नीट विचार कसा करावा यावर पुस्तक लिहिले. पुढाऱ्याचे भाषण, वर्तमानपत्र, जाहिरात आपल्याला कुठे आणि कसे फसवते, ते उदाहरणे देऊन उलगडले. आम्ही ते वाचले तेव्हा कालाम सुत्ताची आठवण झाली. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे, म्हणून मानू नका, असे भगवंतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले होते. तोच मुद्दा, फक्त लंडनच्या आगगाडीत वाचता येईल असा.

१९५१ मध्ये याच मालेत ख्रिसमस हम्फ्रीज यांचे 'बुद्धिझम' आले. हे गृहस्थ वकील, पुढे न्यायाधीश झाले, आणि लंडनच्या बुद्धिस्ट सोसायटीचे संस्थापक. त्यांच्या सर्व मतांशी आम्ही सहमत नाही. त्यांचा बुद्ध जरा गूढाकडे झुकतो, बाबासाहेबांचा बुद्ध माणसाच्या दुःखाकडे. पण नागपूरच्या धम्मदीक्षेच्या पाच वर्षे आधी बुद्धाची ओळख करून देणारे पुस्तक इंग्लंडातल्या स्टेशनांवर खिशाला परवडेल अशा किमतीत विकायला होते, ही गोष्ट लहान नाही. आणि १९६६ मध्ये रोमिला थापर यांचा भारताच्या इतिहासाचा पहिला खंड पेलिकननेच काढला. आमच्या पिढीतल्या कितीतरी पोरांनी तो फूटपाथवर जुना विकत घेतला, निम्मा कळला, निम्मा नाही कळला, पण सम्राट अशोक ही नुसती गोष्ट नाही हे तिथे पक्के झाले.

आता हिशेब. आपल्या आठ आण्यांचे आणि त्यांच्या सहा पेन्सचे. तेव्हा रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स, म्हणजे १८ पेन्स होता. (हा रुपयाचा दर बाबासाहेबांचाच अभ्यासाचा विषय, त्यांनी १९२३ मध्ये त्यावर ग्रंथच लिहिला.) त्या दराने आठ आणे म्हणजे ९ पेन्स. सहा पेन्स म्हणजे ५ आणे ४ पै. म्हणजे लंडनच्या एवढ्या मोठ्या प्रकाशकाचे पुस्तक बाबासाहेबांच्या पुस्तकापेक्षा फक्त २ आणे ८ पैंनी स्वस्त होते. आणि लेनसाहेबांच्या प्रती हजारोंनी, बाबासाहेबांच्या दीड हजार!

छापखान्यात काम केलेली मंडळी इथे बसली आहेत, त्यांना हे गणित माहीत आहे. जुळणी आणि प्रुफे तपासणे, हा खर्च एका प्रतीला जेवढा, तेवढाच दहा हजार प्रतींना. समजा तो खर्च तीन हजार रुपये आहे. तीनशे प्रती काढल्या तर प्रतीमागे दहा रुपये झाले. तीन हजार काढल्या तर एक रुपया. पुढे उरतो कागद, छपाई, शिलाई. लेनसाहेबांनी जाड पुठ्ठा काढून टाकला, आकार एकच ठेवला, मुखपृष्ठाचा साचा एकच ठेवला. म्हणजे प्रत्येक पुस्तकाची नवी जाहिरात करायला नको. निळे पुस्तक दिसले की वाचक समजे, हे आपले. मालेचा फायदा हाच. एका पुस्तकावरचा विश्वास दुसऱ्याच्या उपयोगी पडतो. पण म्हणूनच एक जरी पुस्तक खोटे निघाले तर सगळ्या मालेला डाग लागतो. ते ओळखून त्यांनी जाणकार संपादक नेमले होते. पुढे किमती वाढल्या, वाचक बदलला, १९८० च्या दशकात ती माला बंद पडली आणि २०१४ मध्ये पुन्हा सुरू झाली. असो.

आता आपल्याकडे. स्वस्त पुस्तकाच्या बाबतीत आपला समाज कोणाच्या मागे नाही. ६ डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कवर, विजयादशमीला दीक्षाभूमीवर पुस्तकांची दुकाने बघा. लोक डाळ-तांदूळ बांधून येतात आणि जाताना पिशवीत पुस्तक घेऊन जातात. तैवानच्या एका बौद्ध प्रतिष्ठानाने 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' छापून फुकट वाटला. महाराष्ट्र शासनाने १९७९ मध्ये बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा पहिला खंड काढला, संपादक वसंत मून. त्यांनी हयात घालवली या कामात. ते खंड सवलतीच्या किमतीत मिळत म्हणून आपल्यासारख्यांच्या घरात आले. नंतर ते मिळेनासे झाले. इतके की २०२१ मध्ये वर्तमानपत्रातील बातमीवरून मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

खंड मिळत नसले की काय होते, ते आमच्याच अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी जयंतीला आम्ही या विहाराच्या फलकावर बाबासाहेबांचे एक वाक्य मोठ्या अक्षरात लिहिले. एका पाच रुपयांच्या पुस्तिकेतून घेतले होते. दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाणारी आपल्याच वस्तीतली एक मुलगी आली आणि म्हणाली, काका, हे कोणत्या खंडात आहे, पान किती? आम्ही म्हटले, बघून सांगतो. तीन महिने शोधले. मिळाले नाही. आम्हाला वाटते ते बाबासाहेबांचे नव्हतेच. कोणीतरी रचले, दुसऱ्याने छापले, तिसऱ्या आम्ही फलकावर लिहिले. खडूने लिहिलेले पुसता आले. पण त्या पुस्तिकेच्या किती प्रती किती घरांत आहेत, त्या कशा पुसणार? बाबासाहेबांनी स्वतःच्या भाषणातला स्वल्पविरामही कोणाला बदलू दिला नाही, आणि आम्ही त्यांच्या तोंडी अख्खी वाक्ये घालतो. त्या मुलीला खरे काय ते सांगायला आम्हाला जड गेले, पण सांगितले.

म्हणून समितीपुढे आम्ही आज एक मागणी ठेवतो. वर्धापनदिनाच्या निधीतून या वर्षी कमान रंगवायची ठरली आहे. कमान पुढच्या वर्षी रंगवू. यंदा दोन फॉर्म्यांची, म्हणजे बत्तीस पानांची पुस्तिका काढू. मग जमेल तशी दुसरी, तिसरी. आकार एक, रंग एक. पहिली पुस्तिका 'जातिसंहार' कसा लिहिला गेला यावर असावी, सातवी-आठवीच्या मुलाला कळेल अशा मराठीत. त्यात बाबासाहेबांचे म्हणून जे जे वाक्य येईल, त्याखाली खंड आणि पान छापलेले असेल. नसेल तर ते वाक्य छापायचे नाही, मग ते कितीही टाळ्यांचे असो. आणि पुस्तिका फुकट वाटू नये. दोन रुपये का होईना, घ्यावेत. या बाबतीत वांग जिए यांच्याशी आमचा थोडा मतभेद आहे! फुकट मिळालेल्या पुस्तकांचा एक गठ्ठा आपल्या कपाटात दोरी न सोडता तसाच पडून आहे, तो कोणीही येऊन बघावा.

खंड व पाने तपासण्याचे काम करायला आम्ही त्या मुलीला विचारले आहे, ती तयार आहे. आणखी चार जण हवेत. येत्या रविवारी वंदनेनंतर नावे द्यावीत. आणि कपाटाची किल्ली ज्यांच्या घरी आहे, त्यांनी ती त्या दिवशी आठवणीने घेऊन यावी.

नमो बुद्धाय. जयभीम.