ज्येष्ठांची वाढती वसती : खाटांचा आणि खर्चाचा हिशेब

(१ ऑक्टोबर, ज्येष्ठ नागरिक दिनानिमित्त रुग्णालयाच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयुक्त राष्ट्रसंघाने १९९० साली १ ऑक्टोबर हा दिवस ज्येष्ठांसाठी निश्चित केला. या दिवशी गौरवपर बोलावे असा प्रघात आहे. आम्ही मात्र रुग्णालयाच्या प्रशासनातर्फे आपणासमोर उभे आहोत आणि आमचा पिंड जमाखर्चाचा. तेव्हा थोडे हिशेबाचे बोलण्याची अनुज्ञा असावी.

महाल म्हणजे भोसल्यांच्या राजधानीचा गाभा. बडकस चौक, कोतवाली, चिटणीस पार्क या परिसरातील वाड्यांतून एकेकाळी तीन-तीन पिढ्या नांदत. पुढे तरुण मंडळी वर्धा मार्गाकडे, मनीषनगर-बेशाकडे, पुण्या-बंगळूरला किंवा परदेशी गेली. मागे आईवडील राहिले. कोणी न ठरवता आपल्या काही गल्ल्या निवृत्तांच्या वसाहती झाल्या आहेत. रात्री दूरध्वनी येतो, रुग्णवाहिका चौकात थांबते आणि आमचे कर्मचारी पायी बोळात शिरतात. लाकडी जिन्यावर स्ट्रेचर वळत नाही, म्हणून आजोबांना खुर्चीत बसवून खाली आणावे लागते.

अशा परिस्थितीत न्यासाच्या ज्येष्ठ निवासाकडे ओढा वाढणे स्वाभाविक आहे. प्रतीक्षा यादी लांबली आहे आणि आणखी एक मजला चढविण्याचा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे विचाराधीन आहे. त्याविषयी आमचे निवेदन असे आहे.

निवास सुरू केला तेव्हा आम्ही एक नियम लिहिला होता : स्वतःची कामे स्वतः करू शकणाऱ्यांनाच प्रवेश. त्या नियमाने आलेल्या एक निवृत्त शिक्षिका तुळशीची कुंडी स्वतः उचलून जिना चढल्या होत्या. आज त्या अंथरुणाला खिळल्या आहेत. नियमाप्रमाणे त्यांना घरी न्यावे, असे पत्र आमच्याच कार्यालयातून त्यांच्या मुलाला गेले. वाडा विकला गेला होता. न्यायचे घरच उरले नव्हते. ते पत्र आम्ही मागे घेतले. बाईंनी त्याविषयी कधी विचारले नाही, परंतु आम्हांस ते विसरता आलेले नाही. चूक त्यांच्या वाढत्या वयाची नव्हती. माणूस वृद्ध होणार, हेच आम्ही नियम लिहिताना विसरलो होतो.

हाच विसर हिशेबातही पडतो. समजा, पासष्टीच्या सुमारास चाळीस मंडळी एकदम राहावयास आली. पंधरा वर्षांनी जे असतील ते सगळेच ऐंशीचे होतात. शुश्रूषेची गरज अशी एकदमच वाढते. दहा लाखांच्या ठेवीवर आठ टक्क्यांनी वर्षाला ८०,००० रुपये मिळतात, सहा टक्क्यांनी ६०,०००. ठेव तीच राहते, व्याज घटते आणि सेविकांचे वेतन वाढतच जाते. अशा वेळी नवा मजला बांधून नव्या अनामत रकमांतून जुन्यांचा खर्च भागविण्याचा मोह होतो. परंतु अनामत हे उत्पन्न नव्हे. ते परत करावयाचे देणे आहे. त्या पैशाने आजचा खड्डा बुजविला, तर उद्याचा अधिक खोल होतो.

दुसरा प्रश्न खाटांचा. धर्मादाय रुग्णालय या नात्याने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी व १० टक्के आर्थिक दुर्बल घटकांसाठी राखून ठेवणे आमच्यावर बंधनकारक आहे. निवासातील अंथरुणाला खिळलेल्यांना कायमचे वॉर्डात ठेवले, तर तापाने फणफणलेल्या मजुराला कोठे निजवावे? २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान भारत योजनेत सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळाले, हे स्वागतार्हच आहे. मात्र ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. रोज कूस बदलून देणाऱ्या हातांचा खर्च त्यात येत नाही.

वाढ करूच नये, असे आमचे म्हणणे नाही. याच नागपुरात कमलाताई होस्पेट यांनी १९२१ साली प्रसूतिसेवेसाठी रोवलेल्या मातृसेवा संघाचे आज 'पंचवटी' वृद्धाश्रमही आहे. जन्मापासून वार्धक्यापर्यंत सेवा वाढू शकते, याचे ते उदाहरण आहे. मात्र वाढ गरजेमागून व्हावी, जागेच्या मागणीमागून नव्हे.

म्हणून आमची विश्वस्त मंडळास विनंती अशी : प्रथम सध्याच्या तळमजल्यावर शुश्रूषा कक्ष व्हावा. अनामत रकमांचे खाते दैनंदिन खर्चापासून पूर्णतः वेगळे ठेवावे. शुल्कवाढीचे सूत्र प्रवेशाच्या वेळीच लेखी सांगावे. आणि 'स्वतःची कामे' हा नियम पुढे केवळ प्रवेशापुरता राहावा. कोणालाही बाहेर काढण्यासाठी तो वापरू नये. हे झाल्यावर वरचा मजला अवश्य बांधावा.

ज्येष्ठांनाही एक नम्र सूचना. घर मुलांच्या नावे करताना देखभालीची अट दस्तात स्पष्ट लिहून घ्यावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार अशी अट मोडल्यास न्यायाधिकरणाकडे हस्तांतरण रद्द करण्याची मागणी करता येते. मदतीसाठी १४५६७ हा क्रमांक लक्षात ठेवावा. हा मुलांवरचा अविश्वास नव्हे. पावती घेणे म्हणजे दुकानदाराला चोर म्हणणे नसते.

बाईंची तुळस आता त्यांच्या खिडकीत आहे. सेविका रोज सकाळी पाणी घालते आणि कुंडी त्यांना दिसेल अशी वळविते. त्या कामाची नोंद आमच्या कोणत्याही खतावणीत नाही. नव्या मजल्याचा अंदाजपत्रकीय आराखडा करताना ती तेथे प्रथम व्हावी, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.