पाण्याचा पैसा आणि पाण्याचा वांटा

(दुष्काळी भागांतील एका खेड्यांत शेतकरी व बलुतेदार मंडळींच्या सभेपुढें झालेलें भाषण)



पाऊस कां पडत नाहीं, हें आम्ही सांगणार नाहीं. तें सांगणारे पंचांगवाले पुष्कळ आहेत. सरकारी तिजोरींतून पाण्यासाठीं निघालेला पैसा कोणत्या वाटेनें जातो व आपल्या शिवाराला कां पोंचत नाहीं, एवढेंच आज पाहूं.

पहिली गोष्ट ही कीं, हा पैसा कोणा पुढाऱ्याच्या घरचा नव्हे. साबण घ्या, चपला घ्या, डिझेल घ्या, प्रत्येक वस्तूवर आपण कर भरतों. भूमिहीन मजूरबाईहि तो भरते. मग ‘अमक्या साहेबांनीं पाणी दिलें’ असा फलक लागला कीं आपण हार घेऊन कां धांवतों? आपल्याच पैशाचें दान आपल्याच पदरांत घेऊन वर उपकार मानावयाचे, ही सवय आतां सोडली पाहिजे.

जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. बंधारे घालण्याचीं कामें सरकारनें आपल्या पलटणी व पोलीस यांजकडून करून घ्यावीं, असें त्यांत त्यांनीं सुचविलें. शाहू छत्रपतींनीं राधानगरीस भोगावतीवर धरण आरंभिलें. १९२२ सालीं महाराज निवर्तले तेव्हां तें अपुरेंच होतें. पुरें झालें तें स्वातंत्र्यानंतर. रयतेला पाणी देणें हें राज्याचें कर्तव्य आहे, ही शिकवण आपल्याच थोरांची. पण धरण आरंभणें सोपें व संपविणें कठीण, हाहि धडा राधानगरीनें तेव्हांच दिला होता.

आतां आजचा हिशेब पाहा. विदर्भांत वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. १९८३ च्या सुमारास त्याचा अंदाज होता ३७२ कोटि रुपये. पायाचा दगड बसला १९८८ सालीं. २००९ सालीं तो राष्ट्रीय प्रकल्प ठरून दिल्लीचा पैसा येऊं लागला. तरी २०१६ सालीं सुधारलेला अंदाज १८ हजार ४९४ कोटींवर गेला होता. जवळजवळ पन्नास पट! महागाई वाढली, जमिनीचा मोबदला वाढला, हें खरें. पण काम वेळेवर झालें असतें तर महागाईला एवढें खावयास मिळालें असतें काय?

कृष्णेची कथा निराळी, पण मासला तोच. बच्छावत लवादानें महाराष्ट्रास ५६० अब्ज घनफूट पाणी दिलें आणि ३१ मे २००० नंतर वांटपाचा फेरविचार होऊं शकेल असें ठेविलें. तेव्हां घाई सुरू झाली. १९९६ सालीं कृष्णा खोरें विकास महामंडळ निघालें, कर्जरोखे काढून लोकांकडून पैसा उभारला, आणि जागोजाग कामें सुरू झालीं. सुतारानें एका ओंडक्यावर दहा गाड्यांचीं चाकें आंखलीं तर एकहि गाडी रस्त्यावर येत नाहीं. तसेंच झालें. प्रत्येक कामाला चिमूटभर पैसा, आणि पुष्कळ कामें अपुरीं राहिलीं.

असें कां होतें? नारळ फोडला कीं मत मिळतें. पोटचारी पुरी केली तर छायाचित्र निघत नाहीं. मातीकामाचें व बांधकामाचें बिल आधीं निघतें. शेवटच्या शेतापर्यंतची चारी मागें राहते. २०१२ सालीं सरकारला सिंचनावर श्वेतपत्रिका काढावी लागली व चौकशीसाठीं चितळे समिति नेमावी लागली, ती उगीच नव्हे.

दुसरें राजकारण प्रदेशांचें. दांडेकर समितीनें १९८४ सालीं अनुशेष मोजून दिला. विदर्भ-मराठवाड्यावर अन्याय झाला, हें आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों. १९९४ सालीं विकास मंडळें झालीं. तीं ३० एप्रिल २०२० रोजीं मुदत संपून थांबलीं. त्यांत विदर्भ एक, मराठवाडा दुसरा, आणि बाकीचा सगळा ‘उर्वरित महाराष्ट्र’. म्हणजे जत, आटपाडी, माण, सांगोला हे कोरडे तालुके करवीर-वाळव्याच्या उसाबरोबर एकाच टोपलींत! सरासरी काढली कीं तहानलेलाहि कागदावर ओला दिसतो. वऱ्हाडचा कुणबी आपला वैरी नव्हे. त्याला व आपल्याला झुंजवून मधल्यामध्यें पोळी भाजणारा ओळखा.

आणि पाणी आलें तरी प्रश्न संपत नाहीं. तें कोणाला? २००५ च्या कायद्यानें पाणीवापर संस्था झाल्या, पण सभासदत्व जमीनवाल्याला. मग लोहार, कुंभार, मांग, महार, भूमिहीन विधवा यांनीं कोठें जावें? नागनाथअण्णा नायकवडी यांनीं १९९३ पासून आटपाडीस पाणी परिषदा भरविल्या. दुष्काळी तालुक्यांना समान पाणी द्या, व भूमिहीनासह प्रत्येक कुटुंबाचा पाण्यावर हक्क माना, ही मागणी त्या चळवळींतून पुढें आली. ब्राह्मणेतर चळवळीचा अर्थ आम्ही तरी हाच समजतों. भटजीच्या जागीं आपल्यांतलाच साखरसम्राट बसला, एवढ्यानें बहुजन समाजाचा उद्धार होत नाहीं.

म्हणून ग्रामसभेंत उभे राहून चार गोष्टी मागा. एक, प्रत्येक योजनेचा मूळ अंदाज, आजचा अंदाज व झालेला खर्च चावडीवर लिहा. दोन, अर्धें काम पुरें झाल्यावांचून नवा नारळ फोडूं नका. तीन, पाणी आधीं शेवटच्या शेताला, मग वरच्या शेताला. चार, भूमिहीनाचा वांटा कागदावर लिहून द्या.

आमचा धंदा मुलांना बेरीज-वजाबाकी शिकविण्याचा. ती नुसती परीक्षेपुरती नसते. घरीं गेल्यावर चौथींतल्या मुलाला विचारा, ३७२ चे १८ हजार ४९४ होईपर्यंत एका शेतकऱ्याचीं किती पिकें करपलीं. त्याला तें मांडतां येईल. उत्तर मात्र तुम्हीं सरकारकडून घ्यावयाचें आहे, आणि तें पुढाऱ्याच्या गळ्यांत हार घालून मिळणार नाहीं.