लांब शब्दाच्या पोटातील शब्द



जालना औद्योगिक वसाहतीच्या आसपास वाढणाऱ्या मुलाला शब्दांचा तुटवडा नाही. सळ्यांचे कारखाने, बियाण्यांच्या कंपन्या, त्यांच्या फाटकांवरील पाट्या हे सारे ते नित्य पाहत असते. परंतु पाटीकडे बोट करून ‘कारखाना’ म्हणणारे प्रत्येक मूल तो शब्द वाचतेच असे नव्हे. पुष्कळदा ते केवळ त्याची आकृती ओळखते. हा भेद चटकन उघड करणारा खेळ म्हणजे लांब शब्दाची अक्षरे विस्कटून त्यांतून नवे शब्द जुळविणे.

अमेरिकेतील आल्फ्रेड बट्स या वास्तुविशारदाने १९३०च्या दशकात वर्तमानपत्रांतील अक्षरे मोजली आणि जे अक्षर अधिक वेळा येते त्याच्या पट्ट्या अधिक, असे प्रमाण ठरविले. त्यातून पुढे ‘स्क्रॅबल’ हा खेळ निघाला. त्याची मराठीत हुबेहूब नक्कल मात्र साधत नाही. इंग्रजीची अक्षरे २६. आपल्याकडे दर व्यंजनाची बाराखडी. सबंध अक्षराची एकेक पट्टी करू गेल्यास पुठ्ठा सरेल, शब्द मात्र थोडेच मिळतील.

‘कारखानदार’ हा शब्द घ्यावा. का, र, खा, न, दा, र अशा ६ पट्ट्यांतून दार, कान, दान, खार, नर असे मोजकेच शब्द निघतात. काने निराळे कापले की क, र, ख, न, द, र आणि ३ काने मिळून ९ पट्ट्या होतात. आणि मग राख, रान, नाद, नाका, नखरा, नकार, करार, दरारा, दरकार अशी रांगच लागते. काना एक घर पुढे सरकताच ‘कार’चे ‘करा’ होते, हे मुलाच्या स्वतःच्या बोटांना कळते. ‘कारखाना’ आणि ‘दर’ हे दोन शब्द मांडल्यास नवांपैकी एकही पट्टी उरत नाही; पण हे शिक्षकाने सांगू नये, मुलांनाच सापडू द्यावे. ऱ्हस्व वेलांटीची पट्टी आधी मांडून तिचा उच्चार मात्र नंतर करावा लागतो, तेथे मुले अडखळतील. जोडाक्षर न तोडता एकाच पट्टीवर ठेवणे बरे.

एका संचाभोवती चारच मुले बसवावीत. शब्द वाक्यात वापरून दाखविल्यावाचून धरू नये. नाहीतर चलाख मूल ‘खनदा’सारखे काहीतरी जुळवून गुण घेऊन जाते आणि वाचनात मागे असलेले, ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, ते नुसते पाहत राहते.

‘औद्योगिक’ या शब्दातून मुले ‘उद्योग’ काढू पाहतात व उ सापडत नाही म्हणून तक्रार करतात. ती तक्रार मोलाची होय. भूगोल-भौगोलिक, इतिहास-ऐतिहासिक, समाज-सामाजिक या जोड्या तेव्हाच फळ्यावर मांडाव्यात. व्याकरणाच्या तासाला जे डोक्यावरून जाते ते येथे हरवलेल्या पट्टीच्या शोधात उमगते.

१९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या नावातील शेवटचा शब्दही असाच उपयोगी. ‘महामंडळ’ फोडल्यास मंडळ, माळ, हाड, डाळ हे शब्द मिळतात. बिहार, उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगारांची मुले वर्गात असतील तर ळची पट्टी त्यांच्या हातात तशीच राहते, कारण त्यांच्या घरी डाळीला ‘दाल’ म्हणतात. ‘जालना सोने का पालना’ असे सारा गाव म्हणतो, आणि घरात मात्र तोच पाळणा असतो! अशा मुलाला चूक म्हणून खाली बसवू नये. फळ्यावर दोन रकाने आखावेत: एकात दाल, माला, मंडल, दुसऱ्यात डाळ, माळ, मंडळ. पहिला रकाना त्या मुलाने भरावा, दुसरा त्याच्या शेजाऱ्याने, आणि मग दोघांनी जागा बदलाव्यात.