हंगामी पाणथळ जागा : घनफुटांपलीकडचा हिशेब



नियोजनात आपण पाणी घनफुटांत मोजतो. किती साठले, सिंचनाला किती दिले, वाया किती गेले, असा तो हिशेब असतो. हंगामी पाणथळ जागांना हे माप अपुरे पडते. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानाच्या आधारे हा मुद्दा आपल्यासमोर मांडतो.

सुमारे २९ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात पावसाळ्यात गंभीर व बाणगंगा नद्यांच्या पुराचे पाणी अजान बांधातून येत असे आणि उन्हाळ्यात बराच भाग कोरडा पडत असे. अशी कोरडी जमीन निरुपयोगी भासते. प्रत्यक्षात तिच्या चिखलात पाणपिसू, रोटिफर आदी सूक्ष्म प्राणिप्लवकांची टिकाऊ अंडी वर्षानुवर्षे तग धरून असतात. पाणी येताच काही दिवसांत नवी पिढी जन्मते. अर्थशास्त्राच्या भाषेत ही निसर्गाची मुदत ठेवच होय.

पुराबरोबर मासेही येतात. ते मोठ्या आकाराचे प्लवक आधी टिपतात व लहान प्लवक मागे उरतात. ब्रूक्स व डॉडसन या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये अमेरिकेतील सरोवरांच्या आधारे ही गोष्ट स्पष्ट केली. मोठे प्लवक पाण्यातील सूक्ष्म शैवाल गाळून खातात. ते घटले की पाणी हिरवट होते. उलटपक्षी मासेच नसतील, तर मत्स्याहारी पक्षी उपाशी राहतात. हा समतोल राखण्याचे काम कोरडा काळ करतो : मासे मरतात किंवा पक्ष्यांच्या मुखी पडतात, अंडी मात्र सुरक्षित राहतात.

करौली जिल्ह्यातील पांचना धरणानंतर, विशेषतः २००४ पासून, नदीचे पाणी उद्यानाला मिळेनासे झाले. धरणाखालील शेतकऱ्यांची मागणी रास्तच होती. उद्यानाची वार्षिक गरज सुमारे ५५ कोटी घनफूट मानली जाते. पुढे गोवर्धन नाल्यातून पाणी आणण्याची सोय झाली. परंतु नळाने आलेले पाणी आणि पुराने आलेले पाणी यांचे आकारमान सारखे असले, तरी मूल्य सारखे नसते. पूर मत्स्यबीज आणि पोषकद्रव्येही घेऊन येतो. त्यातच आफ्रिकन मांगूर येथे शिरला. हवेतून श्वास घेऊ शकणारा हा मासा अगदी थोड्या पाण्यातही जगतो. त्यामुळे कोरड्या काळाचा अंकुश त्याच्यावर पुरेसा चालत नाही.

यावरून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पाणीवाटपाच्या करारात परिमाणाबरोबरच पाण्याचा स्रोत व सोडण्याचा काळ नमूद व्हावा. सुशोभीकरणासाठी हंगामी पाणथळी बारमाही भरून ठेवू नयेत. मत्स्यबीज सोडण्यापूर्वी ती जागा हंगामी आहे काय, हे तपासावे. शेतकऱ्याचा वाटा आणि पाणथळीचा वाटा यांत तडजोड करावीच लागेल. पण आपण नेमके काय देतो व काय गमावतो, हे ठाऊक असल्याशिवाय ती न्याय्य ठरणार नाही.