पोषणाच्या हिशेबातील न दिसणारी गळती



बालकुपोषणाचा विचार आम्ही अर्थशास्त्रज्ञ बहुधा उष्मांक, धान्य आणि रुपये यांतच करतो. अन्न पोटात गेल्यावर काय घडते, हा प्रश्न वैद्यकाचा मानून बाजूला ठेवला जातो. आज त्याच प्रश्नाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो.

आतड्यात मोठ्या संख्येने प्रतिकारपेशी असतात. परंतु त्यांतील टी-पेशी तेथे आपोआप पोहोचत नाहीत. आतड्यालगतच्या लसिका ग्रंथींमध्ये त्यांना जंतूंची ओळख करून दिली जाते आणि त्याच वेळी त्यांच्या पृष्ठभागावर ‘अल्फा-४ बीटा-७’ नावाचे प्रथिन येते. पेशी रक्तातून शरीरभर फिरते आणि आतड्याच्या रक्तवाहिन्यांवरील जुळणाऱ्या रेणूला चिकटून तेथेच उतरते. हे प्रथिन म्हणजे पत्ता मानला, तर तो लिहिणारी शाई ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनते. मकोतो इवाता व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हे दाखवून दिले. ‘अ’ जीवनसत्त्वाचा अभाव असलेल्या उंदरांच्या आतड्यात टी-पेशी विरळ झाल्या होत्या.

आतड्यात उतरलेल्या काही पेशी दाह भडकवतात, तर नियामक टी-पेशी तो आवरतात. मोठ्या आतड्याच्या व्रणयुक्त दाहात हा तोल जातो. अमेरिका व युरोपात २०१४ मध्ये मान्यता मिळालेले व्हेडोलिझुमॅब हे औषध पेशींची हीच वाट अडवते.

गरिबाघरच्या मुलाचा प्रश्न निराळा आहे. अस्वच्छ परिसरातील जंतू सतत पोटात गेल्याने त्याच्या लहान आतड्यात सौम्य पण चिवट दाह राहतो. अन्नरस शोषणारे सूक्ष्म उंचवटे खुरटतात, तेही अतिसार नसताना! अन्नाचा काही अंश वाढीऐवजी दाहातच खर्ची पडतो. ही गळती शिधावाटप दुकानातील नव्हे, म्हणून आमच्या तक्त्यांत ती दिसत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये देशातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती.

मग शौचालये बांधली की झाले? बांगलादेश व केनियातील मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ पाणी, शौचालय व हात धुणे यांनी मुलांची उंची वाढली नाही. पूरक आहाराने ती थोडी वाढली. यावरून स्वच्छता निरुपयोगी ठरवणे मला मान्य नाही. घराजवळ एक शौचालय उभे राहिल्याने मूल रांगते ती जमीन जंतुमुक्त होत नाही.

‘अ’ जीवनसत्त्वाची मात्रा आपल्याकडे १९७० पासून दिली जाते, ती मुख्यतः अंधत्व टाळण्यासाठी. अंगणवाडीत उंची व वजन नोंदले जाते. आतड्यातील दाह मोजणारी स्वस्त, सोपी चाचणी मात्र तेथवर पोहोचलेली नाही.