वेड लागायलाही ऐपत लागते
(कोल्हापुरात दिलेलं भाषण)



हॅम्लेटवर बोलायला गोदीतला हमाल कशाला, असं पुढच्या रांगेतल्या दोन-चार चेहऱ्यांवर स्पष्ट दिसतंय. मॅट्रिक झालोय, नाटक वाचता येतं. आणि हे नाटक मराठीत आलं ती वाट तुमच्या कोल्हापूरला घासून जाते.

इथला छत्रपती, चौथा शिवाजी, वेडा झालाय असं 1881-82 साली सरकार सांगत होतं. पोरगं विशीच्या आतलं. केसरी-मराठानं लिहिलं की कारभारी माधवराव बर्वे त्याचा छळ करतायत. बर्व्यांनी खटला भरला, पुराव्याची पत्रं बनावट निघाली, टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस. खटल्यात जामीन कुणी दिला? जोतीराव फुल्यांच्या शब्दावर रामशेठ उरवणे यांनी. हे सांगताना बऱ्याच जणांचा घसा बसतो. आगरकरांचं 'विकारविलसित', म्हणजे मराठी हॅम्लेट, 1883 सालचं. त्याच वर्षी 25 डिसेंबरला राजा तेव्हाच्या अहमदनगरला मेला, राखणीवरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत.

राजाचं वेड खरं की लादलेलं, यावर वर्तमानपत्रं पेटली. हॅम्लेटचं वेड खरं की सोंग, यावर प्रोफेसर लोक अजून पगार खातात. अरे, तो दोस्तांना आधीच सांगून सोंग घेतो! खरी वेडी होते ती ओफेलिया. बाप मारला गेला, तोही प्रियकराच्या हातून, आणि घाईघाईनं पुरून टाकला. ती गाणी म्हणते, फुलं वाटते, पाण्यात जाते. तिला वेडाचा डाव खेळताच येत नाही.

सुरुवातीला चुलता हॅम्लेटला समजावतो की बाप सगळ्यांचेच मरतात, किती दिवस सुतक पाळणार? माझा बाप गेला तेव्हा तिसऱ्या दिवशी मी पाळीवर उभा होतो. मुकादमानंही हेच ऐकवलं, वर दोन दिवसांचा खाडा मांडला. पाठीवर पोतं असताना हॅम्लेटसारखं स्वगत म्हणता येत नाही हो, मान मोडते.

म्हणून मला त्या नाटकात दोनच माणसं जवळची वाटतात, कबर खोदणारी. ओफेलियासाठी खड्डा घेताना त्यातला एक साफ बोलतो : बाई बड्या घरची नसती तर हिला धर्माची माती मिळाली नसती. झालं! सगळं राज्य त्यानं फावड्यावर घेतलं. पुढे दुसरा खुद्द हॅम्लेटला, तो कोण हे न ओळखता, सांगतो की वेड्या राजपुत्राला इंग्लंडला धाडलाय. तिथं त्याचं वेड कळणार नाही, तिथले सगळेच तसले. कोल्हापूरच्या राजाला सांभाळणारे कुठून आले होते, आठवा.

आपले बापजादे गावात मयताची खबर घेऊन पळाले, सरणाची लाकडं वाहिली. गावाच्या रडण्यात त्यांचं काम होतं, जागा नव्हती. तो खोदणारा काम करताना गातो, तर राजपुत्राला वाटतं याला भावनाच नाहीत. मित्र लगेच सांगतो, सवय झाली असेल. सवय! तीस वर्षं खोदतोय तो, हॅम्लेट जन्मला त्या दिवसापासून. त्याचं कोण मेलं, हे नाटकात कुणी विचारत नाही.

इथल्या नाटकवाल्या पोरांना एवढंच सांगणं आहे. हॅम्लेट करा. वेळ कमी पडला तर राजपुत्राची स्वगतं कापा. खड्डेवाल्यांच्या प्रसंगाला हात लावू नका.