मोजलेल्या आकड्याला वाली हवा
(स्वागताध्यक्षीय भाषण, सोलापूर)



सिद्धरामेश्वरांच्या या नगरीत स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो.

सोलापूर ही कष्टकऱ्यांची नगरी आहे. १९३० चा मार्शल लॉ या गावाने सोसला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा हे चार पुत्र स्वातंत्र्यासाठी फासावर गेले. आरोग्याच्या परिषदेला आलेल्या पाहुण्यांना मात्र आम्ही आणखी एक नाव अभिमानाने सांगतो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० साली याच गावात झाला. १९३८ साली भारताने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते. युद्धभूमीवर जखमींची सेवा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. रुग्ण जिथे आहे तिथे डॉक्टरने जायचे, हा धडा त्यांनी आम्हाला घालून दिला. आजच्या परिषदेचा विषय, म्हणजे रोजच्या वस्तूंत मिसळून प्रकृतीवर लक्ष ठेवणारी यंत्रे, हा त्याच धड्याचा पुढचा भाग आहे, असे मी मानतो.

संगणक हे टेबलावरचे वेगळे यंत्र न राहता भोवतालच्या वस्तूंमध्ये मिसळून जाईल आणि न जाणवता काम करील, ही कल्पना मार्क वायझर यांनी १९९१ साली मांडली. ती आज खरी झाली आहे. मनगटावरचे घड्याळ हृदयाचे ठोके मोजते, दंडाला चिकटवलेली चकती शुगर सांगते, फोन झोपेचा हिशेब ठेवतो. परंतु ही साधने आज बहुतेक त्यांच्याच हातावर दिसतात, ज्यांना चांगला डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहे. ज्यांना त्यांची सर्वांत जास्त गरज आहे ती माणसे आमच्या शहराच्या पूर्व भागात, विडी वसाहतींत आणि यंत्रमागाच्या शेडमध्ये आहेत. त्यांची ओळख आपल्याला करून देणे हे यजमान म्हणून मी माझे कर्तव्य समजतो.

विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन बसते. भिजवलेले तेंदूपान पत्र्याच्या मापाने कातरायचे, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायची, टोक दुमडायचे आणि दोऱ्याने बांधायचे. मजुरी हजारावर, त्यामुळे हात थांबत नाही. वर्षानुवर्षे हे केल्यावर बोटांच्या टोकांवरच्या रेषा झिजतात. मग रेशनच्या दुकानात अंगठा लावला की यंत्र तिला ओळखत नाही. उद्या तिच्या प्रकृतीची नोंदही अंगठ्यावरच उघडणार असेल, तर सर्वांत कष्ट केलेली बाई सर्वांत आधी बाहेर राहील. यंत्र करणाऱ्याने हा हात आधी पाहिला पाहिजे.

ऑक्सिमीटरचे उदाहरण घ्या. त्याचे तत्त्व जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात शोधले. लाल आणि अवरक्त प्रकाश बोटातून आरपार जातो आणि तो किती शोषला गेला यावरून रक्तातला ऑक्सिजन कळतो. २०२० साली कोविडच्या साथीत ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताईंनी हे छोटे यंत्र घेऊन महाराष्ट्रात घरे पालथी घातली आणि अनेकांचे प्राण वेळीच वाचले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑक्सिजन धोकादायक पातळीपर्यंत घसरलेला असूनही यंत्राने तो ठीक दाखवण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट आढळले. आमची त्वचा सावळी, आमच्या कामगारांची बोटे घट्टे पडलेली. आमच्या माणसांवर तपासल्याशिवाय कोणतेही यंत्र आमच्या माणसांसाठी प्रमाण मानू नये, ही माझी पहिली विनंती.

यंत्रमागाच्या शेडमध्ये शेजारच्याशी बोलायचे तर कानाशी ओरडावे लागते. अशा आवाजाने हळूहळू गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. कापसाची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की बिसिनोसिस हा फुफ्फुसाचा आजार होतो आणि सुट्टीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे हे त्याचे सुरुवातीचे लक्षण असते. शेडच्या भिंतीवर आवाज आणि धूळ मोजणारे स्वस्त सेन्सर बसवले, तर धोका कान आणि छाती जायच्या आधी कळेल. मात्र एखाद्या कामगाराच्या प्रकृतीची नोंद आधी मालकाकडे गेली, तर नोकरीच्या भीतीने तो तपासणीलाच येणार नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ साली झाला. त्याचा अर्थ या कामगाराला तेलुगूत, कन्नडमध्ये, उर्दूत समजावून सांगणे आणि त्याची खरी संमती घेणे हे आपले काम आहे. आणि हे सेन्सर सोलापूरच्या मे महिन्यातही, पत्र्याच्या छपराखाली, वीज गेली तरी चालले पाहिजेत.

आता आमच्याच जिल्ह्यातली एक गोष्ट सांगतो. बार्शीला १९८७ साली कर्करोगाची ग्रामीण नोंदणी सुरू झाली. ग्रामीण भागातली अशी नोंदणी देशात पहिलीच. तिथे सेन्सर नव्हते. कार्यकर्ते बार्शी, भूम आणि परांडा तालुक्यांतल्या गावोगावी फिरत, लोकांशी बोलत, लक्षणे समजावून सांगत आणि संशयित रुग्णाला दवाखान्यापर्यंत आणत. या पायाभरणीवर बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने मुंबईच्या टाटा रुग्णालयासोबत शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास केला. त्यात १,३१,७४६ स्त्रिया होत्या. एचपीव्ही या विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच झाली, तरी या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटतात, हे २००९ साली जगापुढे आले. तुलनेच्या गटातल्या स्त्रियांना अभ्यासातर्फे तपासणी दिली नव्हती, यावर पुढे मोठा वाद झाला. तो वादही आपण डोळ्यांआड करू नये.

बार्शीने मला एक गोष्ट पक्की शिकवली. मोजणे हे निम्मेच काम आहे. रात्री दोन वाजता एखाद्या म्हातारीच्या मनगटावरचे घड्याळ धोक्याचा इशारा देईल, पण तो कोणाच्या फोनवर जाईल? कोण उठेल? कोणती गाडी निघेल, आणि तिच्यासाठी कोणत्या रुग्णालयात खाट असेल? आपल्या महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका धावते, आरोग्य उपकेंद्रातून ई-संजीवनीवर दूरच्या डॉक्टरांचा सल्ला मिळतो आणि आशाताई तर दारातच उभी आहे. आपले प्रत्येक यंत्र या साखळीला जोडलेले असावे, आणि आशाताईच्या हातातले काम त्याने वाढवण्याऐवजी हलके करावे. मोजलेल्या प्रत्येक आकड्याला वाली हवा, हीच माझी दुसरी विनंती. आषाढीला पंढरपुरात लाखो वारकरी येतात. तिथे दमलेल्या, रक्तदाब वाढलेल्या वारकऱ्याला वेळेत गाठणारी व्यवस्था आपण उभारू शकलो, तर ती कुठल्याही शहरात टिकेल.

जेवणात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आहे, संकोच न करता आस्वाद घ्यावा. उद्या दुपारी यंत्रमागाची शेड आणि विडी वसाहत पाहण्याची व्यवस्था समितीने केली आहे. आपले निबंध महत्त्वाचे आहेतच, तरी ही भेट कोणीही चुकवू नये. तिथल्या माणसांना प्रश्न विचारा, त्यांचे ऐकून घ्या आणि आपल्या यंत्राचा नमुना त्यांच्या हातात देऊन पाहा.

समारोपाच्या ठरावात किमान एक काम असे लिहूया, जे पुढच्या वर्षभरात याच शहरात सुरू होईल आणि ज्याची जबाबदारी नावानिशी कोणीतरी घेतलेली असेल. जागा, माणसे आणि मदत देण्याचा शब्द सोलापूरकरांच्या वतीने मी आज आपल्याला देतो.